रताळ्याच्या पानांची सिक्वेन्सिंगवाली व्हायरस टेस्ट केली, माझा अनुभव (५ पैकी साडेतीन स्टार)

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, सगळा कपाशी-तुरीचा पट्टा, पण विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात आम्ही बाबांच्या काळापासून रताळी लावतो, आषाढी अन् महाशिवरात्रीला बाजारात भाव चांगला भेटतो म्हणून. बेणं घरचंच, यंदाच्या वेलाचे तुकडे पुढच्या लावणीला. तीन वर्षांपासून मात्र रताळी बोटाएवढी बारीक यायला लागली, कोवळी पानं वाटीसारखी वर वळायची, कृषी केंद्रवाला दरवेळी नवी बाटली द्यायचा अन् आम्ही फवारत राहायचो. शेवटी पुतण्यानं एक प्रायव्हेट लॅब शोधली, जी पानातल्या व्हायरसची जनुकीय अक्षरं वाचून, म्हणजे सिक्वेन्सिंग करून, तो ओळखते. एकट्याला खर्च जड जात होता म्हणून शेजारचे दोघं सोबत घेतले.

पहिला नमुना वाया गेला, अन् इथंच स्टार कापला. पानं कशी पाठवायची ते लॅबनं नीट सांगितलंच नव्हतं, आम्ही पन्नीत भरून बसनं पाठवली, पोचेपर्यंत सडली, अन् सडलेल्या पानात आरएनए, म्हणजे ही अक्षरं ज्यात असतात तो रेणू, टिकत नाही राजेहो. मग त्यांनी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पाठवल्या अन् सांगितलं की एकाच वेलाची वरची, मधली, खालची अशी पानं घ्या, काऊन की रताळ्याच्या वेलात व्हायरस सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. हेच आधी सांगितलं असतं तर महिना वाचला असता.

टेस्टची पद्धत मात्र मले लयच पटली. एलायझा नावाच्या नेहमीच्या टेस्टमध्ये कोणता व्हायरस शोधायचा ते आधीच ठरवावं लागतं, म्हणजे ज्याचं नाव आपल्याला माहीत तेवढाच सापडतो. इथं तसं नाही. व्हायरस घुसला की झाड त्याच्या आरएनएचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पाडतं, लॅब ते बारीक तुकडे वाचते, कॉम्प्युटर एकमेकांना जोडून बघतो अन् कोणाचा जनुकसंच आहे ते कळतं. पेरूच्या लिमामधल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ही पद्धत छापली ती रताळ्यावरच काम करून, अन् त्यात आधी माहीत नसलेले व्हायरसही सापडले होते.

आमच्या वेलात दोन निघाले. एक फेदरी मॉटल, जो मावा पसरवतो, दुसरा लीफ कर्ल, जो पांढरी माशी आणते, म्हणजे कपाशीवर आपण जिच्या मागं फवारणी घेऊन धावतो तीच. शेजाऱ्याचा वेल हिरवागार दिसत होता, त्यातही फेदरी मॉटल! हे वाचून मी हादरलो, कारण त्याचंच बेणं घ्यायचं माझ्या डोक्यात होतं. आफ्रिकेत फेदरी मॉटलसोबत पांढऱ्या माशीचाच क्लोरोटिक स्टंट नावाचा व्हायरस आला की दोघं मिळून पीक जवळजवळ साफ करतात, कारण हा दुसरा झाडाची ती तुकडे पाडायची ताकदच मोडतो. आमच्या नमुन्यात तो निघाला नाही, तेवढं बरं.

रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, नुसती अक्षरं अन् टक्के, बाबांना दाखवू काय? इथं दुसरा स्टार गेला. पण लॅबमधल्या मॅडमनं फोनवर अर्धा तास मराठीत समजावलं अन् स्पष्ट सांगितलं की भाऊ, वेलात घुसलेल्या व्हायरसवर औषध नाही, फवारणीनं फार तर मावा अन् माशी कमी होते. तीन वर्षं बाटल्यांवर पैसे घालवले तेव्हा हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी अर्धा स्टार परत.

आता घरचं बेणं बंद केलंय, बाबांना लय जिवावर आलं तरी. वेल ढोरांना टाकले, टिश्यू कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या, बेण्यासाठी तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेकडे चौकशी चालू आहे. तुम्ही करणार असाल तर लावणीच्या दोन महिने आधी पानं पाठवा, अन् दुसऱ्याचं बेणं घेणार असाल तर त्याच्या वेलाची पानं आधी पाठवा, आपल्या वेलाची नंतर.