स्टील टो की फायबर टो? सोलापूरच्या उन्हात सेफ्टी शूज निवडताना

सेफ्टी शूज घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "स्टील टो देऊ की फायबर?" म्हणजे बोटांवर बसणारी टणक कॅप स्टीलची हवी की फायबरची. हा प्रश्न खरं तर तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की, दिवसभर तुमच्या पायाखाली काय असतं? गरम फरशी, तेल, पाणी, खडी की डांबर? दुसरा, तुमचा चवडा किती रुंद आहे? या दोन्हींची उत्तरं मिळाली की स्टील-फायबरचा वाद बराचसा आपोआप मिटतो.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. बूट मागवणं, वाटणं आणि झिजलेले परत घेणं हे माझ्याकडे असतं. परत आलेला बूट बरंच काही सांगतो. कॅपची मागची कड जिथे संपते तिथे चामड्याला खोल घडी पडलेली असते. आत हात घातला की करंगळीच्या बाजूला अस्तर फाटून कॅपची कड बोटाला लागते. सोल अजून चांगला, शिलाई चांगली, कॅपवर ओरखडासुद्धा नाही. तरी माणसाने तो बूट टाकला, कारण रोज सकाळी तो पायात सारणं नकोसं झालं होतं. असा माणूस मग साहेब दिसेपर्यंत चपलेवर काम करतो आणि नेमका त्याच वेळी जॉब, म्हणजे हातातला कामाचा तुकडा, पायावर पडतो. बूट सोसवत नसेल तर त्याच्या मजबुतीचा उपयोग शून्य, म्हणून आरामाचा विषय मी सुरक्षेच्या बरोबरीने मांडतो.

स्टील आणि फायबर, समोरासमोर

आधी दोघांत काय सारखं आहे ते पाहू. आयएस १५२९८ भाग २ या भारतीय मानकात बसणारा कुठलाही सेफ्टी शू, कॅप कशाचीही असो, २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसणारा असावा लागतो. २०० ज्यूल म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडल्याचा मार. १५ किलोन्यूटन म्हणजे जवळपास दीड टनाचा दाब. त्यानंतरही आत बोटांपुरती जागा उरली पाहिजे. ८ नंबरच्या बुटात ही जागा १४ मिलिमीटरच्या आसपास लागते. त्यामुळे "फायबर म्हणजे कच्चं" हे खरं नाही. मानकाचा भाग ३ वेगळा आहे, तिथे आघाताची अट १०० ज्यूलच आहे. भाग ४ च्या बुटात कॅप नसते. बॉक्सवर नुसतं आयएसआय पाहून थांबू नका, भाग कितवा तेही वाचा.

"स्टीलची कॅप वाकली की बोटं कापते" ही भीती अजूनही ऐकू येते. एवढी कॅप चेपणारं वजन उघड्या पायावर आलं तर बोटं तशीही राहत नाहीत. या भीतीपोटी कॅप नाकारू नये.

आता फरक. स्टीलची कॅप पातळ असते, त्यामुळे बाहेरून तेवढ्याच मापाच्या बुटात आत जागा थोडी जास्त मिळते. फायबरची तीच ताकद यायला भिंत जाड करावी लागते, म्हणून बुटाचं नाक फुगीर दिसतं. वजनात फायबर हलकं खरं, पण दुकानात सांगतात तेवढा फरक हाताला लागत नाही. बुटाचं बरंचसं वजन सोलमध्ये असतं. स्टीलमधून उष्णता लवकर आत येते, फायबरमधून उशिरा. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेल्यावर अक्कलकोट रोडवर उघड्यावर लोडिंग करणाऱ्याला हे जाणवतं. तरी पायाला भाजतं ते मुख्यतः खालून आणि हवा न खेळल्यामुळे, नुसत्या कॅपमुळे नाही. मेटल डिटेक्टरमधून रोज जा-ये असेल तर फायबरच घ्यावं.

किंमत फायबरची जास्त. माझा कौल असा की पैसे मोजके असतील तर स्टील टो घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या सोलवर घाला. स्वस्त सोलवर महागडी फायबर कॅप हा तोट्याचा सौदा आहे.

सोल: इथे वेळ घालवा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पीव्हीसी सोल सगळ्यांत स्वस्त, त्याची जोडी पाचशे-सहाशेच्या आसपास सापडते. जड, कडक, आणि तेलकट फरशीवर भरवशाचा नाही. दिवसातून तास-दोन तास साइटवर जाणाऱ्या सुपरवायझरचं त्यावर भागेल. बारा तास काँक्रीटवर उभं राहणाऱ्याची टाच आणि कंबर मात्र महिन्याभरात बोलायला लागते.

पीयू (पॉलियुरेथेन) सोल हलका असतो. त्यातही सिंगल डेन्सिटी आणि डबल डेन्सिटी असे दोन. डबल डेन्सिटीत आतला थर मऊ, बाहेरचा कठीण. मऊ थर टाचेखालचा दणका घेतो, कठीण थर झिजेला तोंड देतो. हजार ते अठराशे रुपयांत बरी जोडी मिळते आणि सोलापुरातल्या निम्म्याहून अधिक कामांना हीच योग्य. दुकानात ओळखायचं असेल तर सोल बाजूने पाहा. दोन थर बहुधा वेगळ्या रंगाचे असतात. वरच्या थरात अंगठा दाबला तर किंचित दबला पाहिजे.

पीयूचा एक दोष मात्र फारसं कोणी सांगत नाही. ओल आणि उष्णता यांनी पीयू हळूहळू विघटित होतो. बूट न वापरता बॉक्समध्ये पडून राहिला तरीही. वरून कोरा करकरीत दिसणारा जुना माल पायात घातल्यावर दोन दिवसांत सोल वाळल्या चिखलासारखा तुकड्यातुकड्यांनी गळून पडतो. म्हणून तयार केल्याची तारीख बघायचीच. सवलतीत मिळणारा दोन-तीन वर्षांपूर्वीचा माल मी घेत नाही आणि कोणाला घेऊ देत नाही.

तिसरा नायट्राइल रबर. जड आहे, महाग आहे, पण जिथे पायाखाली गरम धातू किंवा राख असते तिथे त्याला पर्याय नाही. उष्णतारोधक सोलची परीक्षा ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर एक मिनिट ठेवून घेतात. पीयू त्या तापमानाला टिकत नाही.

खिळ्यांचं काम असेल तर सोलच्या आत पत्रा किंवा दाट विणीचा कापडी थर असलेला बूट बघा, त्यावर पी हे अक्षर असतं. पत्रा खिळ्याला जास्त पक्का, कापडी थर जास्त लवचिक आणि टाचेपासून पुढपर्यंत सगळा तळवा झाकणारा. सेंट्रिंगच्या फळ्या उपटणाऱ्याने पत्रा घ्यावा, दिवसभर शिड्या चढणाऱ्याने कापडी थर.

कुठल्या कामाला काय

फाउंड्री आणि भट्टी: उंच घोट्याचा चामडी बूट, नायट्राइल सोल, स्टील टो. जाळीदार, हवेशीर, स्पोर्ट्स शूसारखे दिसणारे बूट इथे अजिबात नको, ठिणगी जाळीतून थेट मोज्यावर जाते. ओतकामाला लेसचा बूटसुद्धा मला पसंत नाही. वितळलेल्या धातूचा थेंब आत गेला तर लेस सोडत बसायला वेळ नसतो. झटकन निघणारा, वरून पूर्ण झाकलेला बूट आणि पॅन्टचा पाय बुटाच्या बाहेरून, असंच ओतकाम करायचं.

यंत्रमाग: आपल्याकडे मागावर चपलेत किंवा अनवाणी काम चालतं आणि बूट म्हटलं की लोक हसतात. मागावर उभं राहणाऱ्या विणकराला जड बूट घाला असं मीही म्हणणार नाही. पण बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) चढवणारे-उतरवणारे, गाठी उचलणारे आणि मागाची दुरुस्ती करणारे जॉबर यांना कॅप पाहिजेच. भरलेला बीम हातातून सुटला तर पायाचं काय होतं हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. त्यांना घोट्याखाली संपणारा हलका डबल डेन्सिटी बूट पुरतो.

डाइंग आणि प्रोसेस हाउस (सूत-कापड रंगवण्याचं काम): इथे चामडं नकोच. गरम पाणी, कॉस्टिक सोडा, मीठ यांनी चामडं आधी ताठ होतं, मग भेगाळतं. स्टील टोचा पीव्हीसी गमबूट घ्यावा. पाय घामाने भिजतो, हे खरं गैरसोयीचं आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन जोड मोजे ठेवून जेवणाच्या सुट्टीत बदलणं. टॉवेलच्या गावात पाय कोरडे करायला फडकं मिळत नाही असं कोणी म्हणू नये.

बांधकाम: कोरड्या कामाला चामडी बूट, स्लॅब ओतताना गमबूट. ओलं सिमेंट क्षारीय असतं. ते बुटात गेलं आणि तसंच राहिलं तर कातडी भाजते, आणि हे तासाभराने कळतं. एकच बूट दोन्ही कामांना वापरला की तो लवकर जातो.

साखर कारखाना: गळीत हंगामात मिल हाउसची फरशी रस आणि तेलाने चिकट-निसरडी असते. इथे कॅपपेक्षा सोलची नक्षी महत्त्वाची. खोल खाचा आणि तेलाला टिकणारा सोल पाहा. खाचांत घाण गच्च बसली की त्या असून नसल्यासारख्या, म्हणून पाळी संपल्यावर काडीने साफ करायच्या. बॉयलरच्या राखेकडे जाणाऱ्यांसाठी वर सांगितलेलं नायट्राइलच.

वायरमन: "शॉकप्रूफ आहे" एवढ्या बोलण्यावर बूट घेऊ नका. अँटिस्टॅटिक बूट आणि विजेपासून वाचवणारा बूट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अँटिस्टॅटिक बुटाचा रोध मुद्दाम मर्यादेत, १ लाख ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान ठेवतात, म्हणजे अंगावरचा स्थिर भार जमिनीत उतरावा. चालू लाइनवर काम करणाऱ्याला विद्युत्रोधक म्हणून चाचणी झालेला बूटच पाहिजे आणि तोही कोरडा. चामडं झिजून स्टील उघडं पडलेला बूट घालून तर पॅनेलजवळ फिरकूही नये.

मापाचं गणित

चामडं वापराने सैल होतं, कॅप होत नाही. "घाला, होईल सैल" असं कोणी म्हटलं तर ते फक्त कॅपच्या मागच्या भागाबद्दल खरं आहे. लहानपणापासून चपलेत वाढलेला आपला पाय चवड्याला पसरट असतो, आणि निमुळत्या नाकाच्या बुटात करंगळीचा बळी जातो. रुंद साच्याचा बूट मागा. तो नसेल तर एक नंबर मोठा घेऊन टाच ढिली सोडण्यापेक्षा दुसरी कंपनी बघणं बरं. ८ नंबर सगळीकडे सारखा निघत नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो. कामावर घालता तेच मोजे घालून जा. लेस ढिल्या ठेवून पाय पुढे सारा. बोटं कॅपला टेकल्यावर टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. मग टाच मागे नेऊन लेस आवळा आणि बुटाचं नाक जमिनीवर दोनदा आपटा. बोटं पुढे धडकत असतील तर तो बूट उताराला आणि शिडीवर छळणार. शेवटी उकिडवे बसा. ही परीक्षा दुकानात कोणी करत नाही आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची. बसल्यावर कॅपची मागची कड बोटांच्या मुळाशी रुतली तर बूट परत द्या, मग तो कितीही भारी असो. फिटर, वेल्डर, फरशी बसवणारे यांचा अर्धा दिवस उकिडवाच जातो.

मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर घासलेलं कळतच नाही. अशांनी डॉक्टरांना विचारून बूट निवडावा आणि रोज रात्री तळवा, बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

बायकांच्या मापाकडे बाजाराचं लक्ष नाही, याचा मला राग येतो. बांधकामावर, पॅकिंगमध्ये, साफसफाईला इतक्या जणी काम करतात आणि स्टोअरमध्ये सगळ्यांत लहान माप ६. दोन-दोन मोजे चढवून किंवा पुढे कापूस कोंबून बूट बसत नाही, पाय आत सरकतो आणि घोटा मुरगळतो. ३, ४, ५ नंबर आणि बायकांच्या अरुंद टाचेचा साचा बनवणाऱ्या कंपन्या आहेत. एजंटला तशी ऑर्डर लेखी द्या आणि पुरुषांच्या मालाबरोबरच द्या, म्हणजे "नंतर बघू" होत नाही.

घेताना आणि टाकताना

आयएसआय चिन्हाखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर तो घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या हे होतं.

नवा बूट पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीला घालू नका. आधी घरात संध्याकाळी तासभर, मग अर्धी पाळी. ओला झाला तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा. उन्हात किंवा बॉयलरजवळ ठेवला की चामडं तडकतं आणि सोलचा जोड सुटतो. दोन जोड्या आलटून पालटून वापरणं ज्याला परवडेल त्याने जरूर करावं.

कॅपवर एकदा जोरदार मार बसला की बूट बाद. स्टीलला पोचा तरी दिसतो. फायबर आतून तडकतं आणि वरून काही कळत नाही, त्यामुळे तिथे शंका आली तरी बदलायचा. टाच एका बाजूने तिरकी झिजली, खाचा सपाट झाल्या, किंवा कॅपची कड अस्तरातून बोटाला लागायला लागली तरी तो स्टोअरला परत करा. आणि परत करताना मधोमध कापून द्या, नाहीतर तोच बूट पॉलिश होऊन जुन्या बाजारात येतो आणि रोजंदारीवरचा एखादा पोरगा शंभर रुपयांत तो विकत घेतो.