घरी केलेला हॉट वायर कटर: खर्च फ्रेमवर नको, सप्लायवर करा

हॉट वायर कटर म्हणजे विजेने तापवलेल्या तारेने फोम कापायचं साधन. थर्माकोल कापायला बॅटरीवर चालणारा छोटा पेनसारखा कटर मिळतो तो पण मी वापरलाय आणि घरी जोडलेला मोठा कटर तर रोजच्या कामात आहे, म्हणून दोन्हीबद्दल लिहितो. पातळ शीटमधून अक्षरं, नक्षी काढायची असेल तर पेन चांगला आहे, तेवढ्यासाठी काही जोडत बसू नका. पण त्याची तार दोन-चार बोटांएवढी, आणि सेल उतरायला लागले की तार थंड पडत जाते मग हात आपोआप जोर लावतो, तार वाकते आणि काप तिरका जातो. जाड ब्लॉक, मॉडेल विमानाचा पंख, मॉडेलसाठी डोंगरउताराचे थर, असलं काही करायचं असेल तर घरी बनवलेल्या कटरला तोड नाही हे माझं स्पष्ट मत.

फ्रेम कशाचीही चालते. लाकडाच्या पट्ट्या, प्लाय, जे असेल ते, फक्त तार ज्या दोन टोकांना अडकते ती एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी पाहिजेत एवढंच. लोक फ्रेमला पॉलिश वगैरे करतात, करा, पण कापावर त्याचा काही परिणाम नाही.

तार मात्र नायक्रोमचीच घ्या. निकेल साधारण ८० टक्के आणि क्रोमियम २० टक्के असलेला मिश्रधातू, १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांना याचं पेटंट मिळालं आणि तेव्हापासून टोस्टर, हीटर सगळीकडे हीच तार. गरम झाली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो त्यामुळे ती हवेत जळून जात नाही. गिटारची बारीक स्टीलची तार पण चालते, ताण छान धरते, पण स्टीलचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) गरम होताना बराच वाढतो त्यामुळे सेटिंग हलत राहतं. नायक्रोमचा जवळपास तेवढाच राहतो आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. मला ०.४ मिमी जाडी सगळ्यात सोयीची वाटली. ०.३ मिमीने काप अजून बारीक येतो पण ताणाला लवकर तुटते.

आता खरा मुद्दा, सप्लाय. ०.४ मिमीच्या नायक्रोम तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ८.७ ओहम धरा, म्हणजे अर्ध्या मीटरला ४.३ च्या आसपास. १२ व्होल्टचा ॲडाप्टर थेट लावला तर २.८ अँपियर जातात, ३३ वॉट, थर्माकोलसाठी हे गरजेपेक्षा खूप जास्त आहे, चर रुंद पडतो, कडा वितळून आत ओढल्यासारख्या दिसतात आणि धूर होतो. तोच ॲडाप्टर एक मीटर तारेला लावला तर जेमतेम १.४ अँपियर आणि तार रेंगाळत कापते. म्हणजे तारेची लांबी बदलली की सगळं गणित बदललं. त्यापेक्षा करंट सेट करता येतो असा व्हेरिएबल सप्लाय घ्या. तारेच्या प्रत्येक सेंटीमीटरला किती उष्णता मिळणार हे करंटवर ठरतं, लांबीवर नाही, म्हणून एकदा २ अँपियरच्या आसपास तुमचा आकडा सापडला की तार अर्धा मीटर असो वा एक मीटर, आकडा तोच राहतो, सप्लाय व्होल्टेज स्वतः वाढवून घेतो (अर्ध्या मीटरला ९ च्या आत, एक मीटरला १७-१८ व्होल्ट लागतात, तेवढी क्षमता बघून घ्या). मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा डीसी कंट्रोलर ॲडाप्टरच्या पुढे जोडला तरी काम होतं, स्वस्त पर्याय म्हणून तो चांगला आहे, पण तार बदलली की पुन्हा चाचपडावं लागतं.

आणि हे कळकळीने सांगतोय, घरातल्या लाइनवर मध्ये बल्ब किंवा डिमर टाकून तार जोडायची पद्धत काही जण दाखवतात, ती अजिबात करू नका. उघडी तार हातात धरून काम करायचं असतं, तिथे लाइनचा करंट म्हणजे जिवाशी खेळ आहे. ट्रान्सफॉर्मरने लाइनपासून वेगळा केलेला कमी व्होल्टचा सप्लायच पाहिजे.

दुसरा जीव आहे स्प्रिंगमध्ये. तार गरम झाली की लांबते, अर्धा मीटर तार ३०० अंशांनी तापली की साधारण २ मिमी वाढते, ऐकायला कमी वाटतं पण तेवढ्याने तारेला झोल येतो आणि मग सरळ काप विसरा. म्हणून एका टोकाला स्प्रिंग हवीच, आणि करंट स्प्रिंगमधून न नेता वायर थेट तारेच्या टोकाला जोडा नाहीतर स्प्रिंग पण तापते आणि तिचा ताण जातो. नायक्रोमला नेहमीचं सोल्डर धरत नाही, त्यात वेळ घालवू नका, दोन वायसरच्या मध्ये तार दाबून नट-बोल्ट आवळा, पक्कं बसतं.

कापताना तारेने फोम घासायचा नसतो. पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो ते प्लास्टिक, १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तार नीट तापलेली असेल तर तिच्या पुढचा फोम आधीच मागे सरतो आणि तार जवळपास स्वतःच्या वजनाने पुढे जाते. कापाच्या मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की समजा तापमान बरोबर आहे. तार मध्ये मागे राहून कमान झाली तर तुम्ही घाई करताय किंवा करंट कमी आहे. कोपऱ्यावर तर हे फार जाणवतं, टोकं वळतात पण तारेचा मधला भाग अजून मागेच असतो आणि कोपरा गोल होतो, तिथे क्षणभर थांबून तार सरळ होऊ द्यायची मग वळायचं, पण जास्त थांबलात तर खड्डा पडतो. हे हाताला सवयीनेच येतं. ईपीपीला, म्हणजे तो लवचिक फोम, जास्त उष्णता लागते कारण पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे करंट वाढवा आणि हळू चला.

धुराचं हलक्यात घेऊ नका. थर्माकोल तापला की स्टायरिनची वाफ निघते, खिडकी उघडी, पंखा धूर तुमच्यापासून लांब नेईल असा. आणि गादी-सोफ्याचा किंवा स्प्रेचा पॉलियुरेथेन फोम या तारेने कापूच नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड, आयसोसायनेट असले विषारी वायू निघू शकतात. पीव्हीसी फोमशीट पण नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड येतो. फोम कुठला आहे कळत नसेल तर करवतीने कापा.

पंख कापणाऱ्यांसाठी शेवटचं. ब्लॉकच्या दोन्ही बाजूला प्लायचे टेम्प्लेट, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकाराचे साचे, लावायचे आणि त्यांच्या कडेवरून तार फिरवायची, कडा पॉलिश पेपरने घासून अगदी गुळगुळीत, नाहीतर तार जिथे अडखळते तिथे रेघ उमटते. निमुळता पंख असेल तर एका बाजूचा टेम्प्लेट मोठा, दुसरा लहान, आणि दोन्ही टोकं एकाच वेळी पोचायला हवीत. त्यासाठी दोन्ही टेम्प्लेटवर सारखेच, समजा १ ते १०, आकडे समान भागांत लिहून ठेवा आणि दोघांनी मिळून कापा, मोठ्या बाजूच्याने आकडे मोठ्याने म्हणायचे, लहान बाजूच्याने त्या आकड्यावर तार आणायची. एकट्याने करायचा प्रयत्न करू नका.