बेन नेव्हिस: माउंटन ट्रॅक की कार्न मोर डिअर्ग?

स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसवर, म्हणजे ब्रिटनच्या सगळ्यात उंच डोंगरावर, पहिल्यांदाच जाताय तर ग्लेन नेव्हिस खोऱ्यातला माउंटन ट्रॅक घ्या, १८८३ मध्ये माथ्यावरच्या वेधशाळेसाठी घोडी जावीत म्हणून बांधलेली वाट आहे ती, त्यामुळे दम लागतो पण हात टेकायची वेळ येत नाही, फक्त उन्हाळ्यात गर्दी विचारूच नका आणि डोंगर ज्याच्यासाठी फेमस आहे तो उत्तरेचा कडा नीट दिसतच नाही. तो बघायचा तर टॉरलंडी गावाकडून शेजारच्या कार्न मोर डिअर्ग डोंगरावरून जायचं. आधी १२२० मीटरचा हा डोंगर चढायचा, मग मोठमोठ्या दगडांच्या अरुंद धारेवरून हातपाय दोन्ही वापरत बेन नेव्हिसच्या १३४५ मीटरच्या माथ्यावर, डाव्या-उजव्या बाजूला नुसती दरी! १०-११ तास सहज जातात. मला तरी हीच भारी वाटते, पण वारा असेल तर नादच नको. कुठल्याही वाटेने चढा, उतरायला माउंटन ट्रॅकच, आणि माथ्यावर धुकं असेल तर होकायंत्र पाहिजेच, फाइव्ह फिंगर गलीची घळ वाटेच्या बाजूलाच आहे.