मॅजिस्टेरियम एआय: तळटिपा वाचणार असाल तरच उघडा

ख्रिस्ती श्रद्धेविषयी प्रश्न विचारायला आता बरेच चॅटबॉट आहेत. काही तर थेट येशूच्या तोंडून बोलतात. लाँगबीअर्ड कंपनीचं, 2023 मध्ये आलेलं 'मॅजिस्टेरियम एआय' कोणाचं सोंग घेत नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू. प्रश्न टाकला की ते कॅथलिक चर्चच्या दस्तऐवजांतून उत्तर जुळवतं आणि आधार कुठला ते तळटिपेत देतं. त्याची सगळी किंमत या तळटिपांत आहे. नुसतं उत्तर वाचून बंद करणार असाल, तर कोणताही साधा चॅटबॉट पुरे.

प्रश्न नेमका हवा. "उपवासाबद्दल सांगा" म्हटलं की प्रायश्चित्तकाळाचा उपवास, शुक्रवारचा मांसत्याग आणि ख्रिस्तप्रसादापूर्वीचा (कम्युनियनपूर्वीचा) उपवास यांची खिचडी व्हायला वेळ लागत नाही. त्याऐवजी "ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी किती वेळ काही खायचं नाही? कॅनन क्रमांक द्या" असं विचारा (कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम). योग्य उत्तर आहे किमान एक तास, कॅनन 919. पाणी आणि औषध चालतं, आणि वृद्ध व आजाऱ्यांना सूट आहे.

मग तळटीप उघडून दस्तऐवजाची तारीख बघा. काम कंटाळवाणं आहे, पण चूक इथेच सापडते. हा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे. 1957 मध्ये जेवणासाठी तो तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. म्हणजे जुना कागद हाती लागला तर 'तीन तास' हे उत्तरही तळटिपेसकट अधिकृतच दिसणार. देहदंडाचंही तसंच. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा, परिच्छेद 2267 पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये बदलला. क्रमांक तोच राहिला, शिकवण बदलली. दस्तऐवजाचं वजनही बघायला हवं: धर्मपरिषदेचा ठराव आणि पोपचं बुधवारचं प्रवचन यांच्या तळटिपा दिसायला सारख्याच असतात.

स्थानिक नियमांसाठी यावर विसंबू नका. कॅनन 1253 प्रमाणे उपवासाचे बारीकसारीक तपशील त्या त्या देशाचं बिशप मंडळ ठरवतं. वसईच्या माणसाला शुक्रवारचं काय ते पॅरिश ऑफिसातच नीट कळेल.

प्रॉटेस्टंट वाचकाने तर उत्तर कुठल्या परंपरेतलं आहे हे विसरूच नये. 'सहावी आज्ञा' म्हटलं की कॅथलिक मोजणीत व्यभिचार करू नको, बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत खून करू नको. बायबलमधली पुस्तकं इकडे 73, तिकडे 66. आज्ञा क्रमांकाने न विचारता शब्दांत विचारा.

मराठीत उत्तर मागितलं की आणखी एक थर चढतो. यांत्रिक भाषांतरात कन्फेशनचा, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं सांगण्याच्या संस्काराचा, 'कबुलीजबाब' होऊ शकतो, म्हणजे चर्चमधून थेट पोलीस ठाण्यात! मिस्सा, स्नानसंस्कार, पापक्षमा, कुमसार (कन्फेशन) हे आपले शब्द प्रश्नातच घाला आणि शंका आली तर इंग्रजी उत्तर शेजारी ठेवून ताडून पाहा.

आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी मात्र आम्ही याची शिफारस करणार नाही. सोंग घेतलं की काय होतं, ते एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक आन्सर्स संस्थेच्या 'फादर जस्टिन'ने दाखवलं. हा बॉट स्वतःला खरा धर्मगुरू म्हणवत होता आणि अडचणीच्या वेळी गेटोरेड या खेळाडूंच्या पेयाने स्नानसंस्कार चालेल असं सांगून बसला. काही दिवसांतच त्याचा 'फादर' काढून घेतला गेला. स्नानसंस्काराला खरं पाणीच लागतं, आणि कॅनन 965 प्रमाणे प्रायश्चित्त संस्कार, म्हणजेच कन्फेशन, फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नच्या पेत्र चॅपेलने त्याच वर्षी कन्फेशनच्या खोलीत पडद्यावरचा येशू बसवला. पण हे कन्फेशन नव्हे हे त्यांनी स्पष्ट केलं होतं आणि खासगी माहिती सांगू नका असंही बजावलं होतं. ते शहाणपणाचंच होतं. कॅनन 983 ची गुप्ततेची मोहोर धर्मगुरूच्या कानावर आहे, कंपनीच्या सर्व्हरवर नाही.

कुमसाराच्या तयारीला मात्र मॅजिस्टेरियम एआय कामाचं आहे. तुमचं वय, काम, संसार एवढंच सांगून दहा आज्ञांवर आधारलेले आत्मपरीक्षणाचे पंधरा-वीस प्रश्न मागा. त्यांची उत्तरं चौकटीत टाइप करू नका. कागदावर लिहा, आणि कुमसार झाल्यावर तो कागद फाडून टाका.