दुधातला मसाला ग्रीन टी: तयार पाकीट आणि घरचे पातेले

पंचवीस टी-बॅगांच्या एका खोक्यावर ‘मसाला ग्रीन टी’ अशा ठसठशीत अक्षरांखाली साय धरलेल्या वाफाळत्या कपाचे चित्र होते, आणि मागच्या बाजूला ‘आवडीनुसार दूध घाला’ एवढीच सूचना होती. नेहमीचा काळा चहा दिवसातून चार वेळा होत असल्यामुळे त्यातला निदान एक कप हलका करावा, या हेतूने मी ते खोके घेतले. त्यानंतरचे पाच आठवडे मी तो तयार माल आणि घरी सुट्या पत्तीने केलेला दुधाचा मसाला ग्रीन टी आलटून पालटून करून पाहिले. हे परीक्षण त्या दोन्हींचे आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण मला जाणवलेले बहुतेक दोष एका कंपनीचे नसून या प्रकारच्या मालाचेच आहेत.

प्रथम तयार पाकिटाविषयी. खोके उघडताच येणारा दालचिनी-वेलदोड्याचा वास इतका दांडगा होता की मोठ्या अपेक्षेने मी पहिला कप केला. दीडशे मिलिलिटर पाण्यात तीन मिनिटे बॅग बुडवली आणि सूचनेप्रमाणे वरून अर्धी वाटी दूध ओतले. कपात उतरला तो धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा किंचित करडा द्रव. वास नाकापर्यंत पोहोचत होता. जिभेवर मात्र कोमट दूध आणि मागाहून येणारा पुसटसा तुरटपणा एवढेच होते. आईने एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि विचारले, “यात चहा कधी घालणार आहेस?”

दुसऱ्या दिवशी मी एक बॅग कात्रीने कापून ताटलीत मोकळी केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ऐवज भरला १.८ ग्रॅम, आणि त्यात पत्ती म्हणावी असे काही नव्हतेच. होती ती हिरवट-तपकिरी भुकटी आणि तिच्यात मिसळलेली मसाल्याची पूड. घटकांच्या यादीत ग्रीन टीच्या पाठोपाठ दालचिनी आणि सुंठ होती, वेलदोडा शेवटाकडे होता आणि सर्वांत शेवटी ‘स्वाद’ हा मोघम शब्द. अशा याद्या साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेल्या असतात, हे लक्षात घेतले की खोक्याचा दरवळ कोठून येत होता याचा अंदाज बांधता येतो. या १.८ ग्रॅममधून मसाल्याचे वजन वजा केले, तर दुधाला तोंड देण्यासाठी चहा उरतो किती, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट या मालाच्या मुळाशीच चुकलेली आहे. चहाची पत्ती भोवतालचा वास आणि ओल फार चटकन शोषून घेते. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांत ठेवून चहा सुगंधी करण्याची पद्धत पत्तीच्या याच गुणावर चालते. तीच पत्ती लवंगेच्या पुडीसोबत महिनोन् महिने एका पुडीत राहिली, तर तिला स्वतःचा वास उरत नाही, आणि दळलेल्या मसाल्याचाही दरवळ दरम्यान उडून जातो. म्हणून मसाला आणि पत्ती वेगवेगळ्या डब्यांत ठेवून ऐन वेळी एकत्र आणणे, हा घरच्या पद्धतीचा पहिला आणि मोठा फायदा आहे.

मात्र घरच्या पद्धतीनेही मला पहिल्या आठवड्यात चांगलेच तोंडघशी पाडले. सवयीप्रमाणे पातेल्यात पाणी, दूध, किसलेले आले, कुटलेला मसाला आणि ग्रीन टीची पत्ती असे सगळे एकत्र चढवून मी पाच मिनिटे खळखळ उकळू दिले. तो चहा कडू होता, आणि कडूपणाच्या खाली उकडलेल्या पालेभाजीसारखा एक वास होता, जो साखरेच्या दुसऱ्या चमच्यानेही हटला नाही. दोष पत्तीचा नव्हता, माझ्या हाताच्या सवयीचा होता.

काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाचे. काळ्या चहासाठी खुडलेली पत्ती चुरगळली जाते, आणि मग तिच्यातली विकरे हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने कॅटेचिन या द्रव्यांचे रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन यांच्यात करतात. दूध घातल्यावर चहाला जो तांबूस रंग आणि जो भरीवपणा येतो, तो मुख्यतः यांच्यामुळे. ग्रीन टीची पत्ती खुडल्यावर लवकरच वाफेवर किंवा तापलेल्या कढईत गरम करून ती विकरे निकामी केली जातात, त्यामुळे कॅटेचिने बव्हंशी जशीच्या तशी राहतात. ती उकळत्या पाण्यात वेगाने आणि भरपूर उतरतात, आणि कडूपणा व तुरटपणा त्यांच्याबरोबर येतो. दुधातले केसिन हे प्रथिन त्यांना धरून ठेवते आणि तुरटपणा बराच बोथट करते, पण पाच मिनिटे उकळलेल्या पत्तीपुढे त्याचाही इलाज चालत नाही. दाणेदार सीटीसी चहा, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून आणि वळवून दाणे केलेला नेहमीचा काळा चहा, दुधात उकळूनही उभा राहतो, तो त्या चहाचा स्वभाव. तो ग्रीन टीवर लादण्यात अर्थ नाही.

तेव्हा मसाला उकळायचा, दूध वेगळे तापवायचे आणि पत्ती फक्त मुरवायची, अशी कामाची विभागणी केली. एका मोठ्या कपासाठी मी आता दीडशे मिलिलिटर पाणी घेतो. त्यात बोटाच्या पेराएवढा ठेचलेला आल्याचा तुकडा आणि पेराच्या निम्म्या लांबीची दालचिनी घालून झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे उकळतो. दालचिनीला वेळ द्यावाच लागतो. आल्याचे कारण वेगळे आहे: कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, आणि ते न उकळता कोमट दुधात पडले तर दूध फाटण्याची शक्यता असते, पाण्यात नीट उकळले की ती भीती राहत नाही. लवंग एकच, आणि तीही दोन कपांना, कारण तिच्यातले युजेनॉल जिभेवर बसले की इतर कशाची चव कळत नाही. वेलदोड्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो, म्हणून दोन वेलदोडे सालासकट खलबत्त्यात ठेचून शेवटच्या मिनिटाला टाकतो. साखर घालायची असल्यास ती याच पाण्यात विरघळवावी.

मिरीच्या बाबतीत मला उशिरा शहाणपण आले. तिचा तिखटपणा ज्या पायपरीनमुळे येतो ते पाण्यात फारच थोडे विरघळते, स्निग्धांशात मात्र चांगले उतरते. तीन मिरे भरड कुटून पाण्याऐवजी दुधात घातले, तेव्हा घशाशी जी ऊब आली ती आधीच्या दहा कपांत कधी आली नव्हती. हा शोध सांगितल्यावर आई म्हणाली की मिरी दुधातच घालतात हे तिला आधीपासून ठाऊक होते. मग इतके दिवस गप्प का होती, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.

यानंतरची तीन मिनिटे निर्णायक आहेत. गॅस बंद करून मसाल्याच्या पाण्याला ऐंशी अंशांच्या आसपास येऊ द्यावे लागते. तापमापक नसला तरी अडत नाही. उकळून साधारण एकशेवीस मिलिलिटर उरलेल्या पाण्यात खोलीच्या तापमानाचे, म्हणजे पंचवीसेक अंशांचे, तीस मिलिलिटर पाणी घातले की हिशेबाने ८५ अंश होतात, आणि पत्ती पडेपर्यंत भांडे स्वतःच उरलेले काम करते. आता चार ग्रॅम पत्ती टाकून झाकण ठेवायचे, आणि घड्याळ लावून तीन मिनिटांनी गाळायचे. नुसत्या पाण्यातल्या ग्रीन टीला दोन ग्रॅम पुष्कळ होतात. दूध पडणार असेल तर दुप्पट हवे. कस वाढवायचा असेल तर पत्ती वाढवावी, वेळ वाढवू नये. गाळताना पत्ती चमच्याने दाबून पिळण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण शेवटच्या त्या दोन चमच्यांत कडूपणा साठलेला असतो.

दूध दुसऱ्या बर्नरवर मिरीसह तापवून, वर येऊ लागताच उतरवून ओतावे. थंड दूध घातले की कप कोमट होतो आणि मसाल्याचा वास बसून जातो. तयार पाकिटाच्या पहिल्या कपाचे अर्धे अपयश यातच होते. प्रमाण मात्र नेहमीच्या चहाचे चालत नाही. निम्मे-निम्मे केले तर ग्रीन टी दुधात बुडून जातो. दोन भाग चहाला एक भाग दूध, म्हणजे वरच्या मापाला साठ-सत्तर मिलिलिटर, येथे माझी गाडी स्थिरावली. गुळाचा प्रयोग एकदा केला. गरम दुधात तो पडताच दूध फाटले आणि तो कप मोरीत गेला. गूळ हवाच असेल तर तो खाली उतरवलेल्या चहात, पिण्यापूर्वी घालावा, असा सल्ला मला त्यानंतर मिळाला, पण पुन्हा हिंमत झालेली नाही.

पत्तीच्या निवडीबद्दल माझे मत ठाम आहे. या पाच आठवड्यांत मी तीन प्रकार वापरले. जपानी पद्धतीची, वाफेवर तयार केलेली सेंचा पत्ती स्वतः अतिशय सुरेख असते, परंतु तिच्या गवतासारख्या ताज्या वासाचे आणि दालचिनीचे अजिबात पटत नाही. दुधात तर ती हरवूनच जाते. चांगली सेंचा या कामी वापरणे म्हणजे नासाडी. माच्याची गोष्ट निराळी. ती पत्तीची अत्यंत बारीक दळलेली पूड असल्यामुळे सगळीच पोटात जाते, दुधाला रंग आणि अंगही देते, परंतु गुठळ्या मोडेपर्यंत घुसळावी लागते आणि मसाल्याने तिची स्वतःची मजा जाते. माच्या आणि दूध एवढेच पुरे. लवंग-मिरी तेथे आगंतुक ठरते.

या सगळ्यांत सरस ठरली ती गनपावडर. ही चिनी पद्धतीची पत्ती बारीक गोळ्यांसारखी वळलेली असते, आणि वाटीत घेतली तर मोठ्या मोहरीसारखी खुळखुळते. गरम पाण्यात पडल्यावर गोळ्या तळाशी जातात, मिनिटभराने एकेक उलगडू लागते, आणि तिसऱ्या मिनिटाला भांड्यात अखंड पानांचे तुकडे तरंगताना दिसतात. तिची चव दणकट असते आणि तिला किंचित धुरकट छटा असते. हीच छटा आले आणि मिरीशी जुळते आणि दुधाखालूनही जाणवत राहते. वळलेली असल्यामुळे चमच्याच्या मापात ती फसवते: लांब पत्तीचे दोन चमचे जेथे लागतात तेथे हिचा एकच पुरतो. मी पहिल्या दिवशी दोन घातले आणि त्याची शिक्षा भोगली.

रंगाबद्दल आधीच सांगून ठेवलेले बरे. हा चहा कधीच तांबूस होत नाही. फार तर फिक्या हळदीकडे झुकणारा हस्तिदंती रंग येतो, आणि पाहुण्यांसमोर ठेवला तर चहा पातळ झाल्याचा गैरसमज हमखास होतो. पत्ती शिळी असेल तर तोच रंग मळकट तपकिरीकडे जातो, कारण पत्तीतले हरितद्रव्य कालांतराने बदलते. पाकिटातल्या भुकटीचा तो हिरवट-तपकिरी रंग मला तेव्हाच खटकायला हवा होता.

खोके घेताना माझ्या मनात असलेल्या ‘हलका’ या शब्दाचाही हिशेब करू. नुसत्या ग्रीन टीत उष्मांक जवळजवळ नसतात. सत्तर मिलिलिटर साईच्या दुधाचे सुमारे पंचेचाळीस आणि दोन लहान चमचे, म्हणजे आठ ग्रॅम साखरेचे बत्तीस धरले, तर कप पाऊणशेच्या पुढे जातो. तेवढेच दूध-साखर घातलेल्या काळ्या चहाचा आकडाही हाच येईल. कॅफिनही यात असतेच, आणि चार ग्रॅम पत्ती घातल्यावर ते दुर्लक्ष करण्याइतके थोडे राहत नाही. रात्री नऊनंतर घेतलेल्या कपाने मला एकदा दीड वाजेपर्यंत जागे ठेवले. वजन उतरवण्यासाठी किंवा झोपेच्या सोयीसाठी कोणी याकडे वळत असेल, तर वळू नये. चवीसाठी वळावे.

चवीपुरते बोलायचे, तर घरी केलेल्या गनपावडरच्या कपाला मी पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो दोन भांडी, दोन बर्नर आणि घड्याळ यांच्या उपद्व्यापासाठी. सकाळच्या घाईत हे जमत नाही, तेव्हा नेहमीचाच चहा होतो. दुपारी चार वाजता, हातात पंधरा मिनिटे असताना, मात्र आता मी हाच करतो. आईने चौथ्या आठवड्यात अर्धा कप मागून घेतला, पुढे पुन्हा मागितला नाही; नावेही ठेवली नाहीत.

तयार पाकिटाला दुधासह दीड गुणाच्या वर जाता येत नाही, आणि दोन बॅगा एका कपात घालूनही फरक पडला तो थोडाच. अजून सोळा बॅगा शिल्लक आहेत. त्यांतली एक-एक मी रात्री थंड पाण्याच्या बाटलीत टाकून फ्रिजमध्ये ठेवतो. थंड पाण्यात कडूपणा कमी उतरतो आणि दालचिनीचा वास तेवढा येतो. दूध न घालता ते पाणी बरे लागते.