मधुमेहावरील वनस्पतीची चाचणी: परीक्षानळी, उंदीर की रुग्ण?

परंपरेने मधुमेहावर दिली जाणारी एखादी वनस्पती निवडली, तिची ओळख तज्ज्ञाकडून पटवून घेतली आणि तिचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) जमा केला, की संशोधकाला चाचणी कशावर करायची हे ठरवावे लागते. खर्च, वेळ आणि परवानग्या यांचे गणित प्रत्येक वाटेला वेगळे असते. तरीही निवड केवळ त्या गणितावर होऊ नये, कारण परीक्षानळी, प्राणी आणि रुग्ण यांच्याकडून मिळणारी उत्तरे तीन निरनिराळ्या प्रश्नांची असतात.

सर्वांत स्वस्त आणि झटपट वाट विकरांची (एन्झाइमांची). पिष्टमय अन्नातून ग्लुकोज सुटे करणाऱ्या अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज या विकरांना अर्क किती रोखतो, हे काही दिवसांत मोजता येते. मात्र ‘आमचा अर्क अकार्बोजपेक्षा (ही विकरे रोखणाऱ्या मधुमेहाच्या औषधापेक्षा) कितीतरी पट प्रभावी’ असा निष्कर्ष दिसला की आधी विकर कोठून घेतले ते पाहावे. बहुतेक ठिकाणी ते यीस्टचे असते, आणि सस्तन प्राण्यांच्या आतड्यातील विकराला सहज रोखणारे अकार्बोज यीस्टच्या विकरापुढे फारच दुबळे ठरते. म्हणजे तुलनेचा मापदंडच खुजा. शिवाय टॅनिनयुक्त अर्क जवळपास कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडतो. त्यामुळे अनेक अर्कांतून दोन-चार निवडण्याची चाळणी म्हणून ही चाचणी उपयोगी आहे, पण तिच्या आधारे औषधाचा दावा करणे चुकीचे होय.

प्राण्यांवरील चाचणीत खरी निवड मॉडेलची, म्हणजे प्राण्यात मधुमेह कसा घडवायचा याची, असते आणि बहुतेक घोटाळे तेथेच होतात. अ‍ॅलॉक्झान हे स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून मधुमेह घडवणारे रसायन स्वस्त आहे, पण द्रावणात टिकत नाही, त्याच्या घातक मात्रेत आणि मधुमेह घडवणाऱ्या मात्रेत अंतर थोडे असते, आणि काही उंदीर पुढे आपोआप बरे होतात. त्या बरे होण्याचे श्रेय मग अर्काला मिळते. त्याच कामाचे स्ट्रेप्टोझोटोसिन अधिक भरवशाचे आहे. ते थंड सायट्रेट बफरमध्ये सुमारे ४.५ पीएचला विरघळवून ताबडतोब टोचतात, आणि मरणाऱ्या बीटा पेशींमधून एकदम सुटणाऱ्या इन्सुलिनमुळे उंदीर दगावू नये म्हणून पहिल्या रात्री त्याला ग्लुकोजचे पाणी ठेवतात. तरीही मोठ्या मात्रेचे हे मॉडेल पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या जवळचे आहे, तर पारंपरिक वनस्पती घेणारे बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकारचे असतात. याच मॉडेलमध्ये तुलनेसाठी ग्लिबेनक्लामाइड वापरण्याची पद्धत तर अनाकलनीय आहे, कारण हे औषध जिवंत बीटा पेशींकडून इन्सुलिन काढून घेते आणि त्या पेशी तर संशोधकाने आधीच मारलेल्या असतात.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी काही आठवडे चरबीयुक्त आहार देऊन नंतर स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा टोचण्याचे मॉडेल मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात इन्सुलिनला दाद न देणारे शरीर आणि अर्धवट थकलेले स्वादुपिंड ही दोन्ही लक्षणे येतात. भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाच्या ग्राहकात जन्मजात दोष असलेले डीबी/डीबी उंदीरही चांगले, पण महाग. मॉडेल कोणतेही असो, अर्क मधुमेह जडल्यानंतरच सुरू करावा. आधीपासून दिल्यास अँटिऑक्सिडंट अर्क रसायनापासून पेशींचे केवळ रक्षण करतो. रुग्ण मात्र पेशींची हानी झाल्यानंतरच दवाखान्यात येतो.

मात्रेचा हिशेबही आधीच करावा. मोठ्या उंदरातील (रॅट) ४०० मिलिग्रॅम प्रति किलो या नेहमीच्या मात्रेला ६.२ या माणसासाठीच्या रूपांतर-भाजकाने भागले की माणसासाठी सुमारे ६५ मिलिग्रॅम प्रति किलो येतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला रोज जवळपास ३.९ ग्रॅम अर्क. अर्काचा उतारा दहा टक्के धरला तर त्यासाठी ३९ ग्रॅम सुका पाला लागेल, आणि परंपरेने दिली जाणारी मात्रा याच्या आसपास नसेल तर तो प्रयोग परंपरेची परीक्षा घेतच नाही.

नवा रेणू शोधायचा असेल तर परीक्षानळी आणि प्राणी यांना पर्याय नाही. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील गॅलेगिन विषारी ठरले. पण त्याच जातकुळीचे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये मधुमेहाचे औषध म्हणून पुढे आले. याउलट, लोक आज घेतच असलेल्या वनस्पतीचा उपयोग होतो का, एवढाच प्रश्न असेल, तर उंदरांवरील आणखी एका प्रबंधापेक्षा नीट आखलेली रुग्णचाचणी मोलाची. कारल्यावरील चाचण्यांचा २०१२ चा कॉक्रेन आढावा (उपलब्ध चाचण्या एकत्र पारखणारा) पाहावा: निकषांत बसलेल्या चाचण्या अवघ्या चार, रुग्ण ४७९, आणि निर्णय देण्याइतका पुरावा नाही.

अशा चाचणीत एचबीए१सी ही रक्ततपासणी मोजायची असल्याने ती किमान तीन महिने चालवावी लागते, कारण हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवतो. चालू औषधे बंद न करता अर्क जोडीला द्यावा, साखर एकदम खाली जाण्यावर लक्ष ठेवावे आणि प्रत्येक खेपेच्या मालातील मुख्य घटकाचे प्रमाण तपासावे. कडू वनस्पतीचा हुबेहूब प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) बनवणे कठीण असते, आणि गुडमार या वनस्पतीचे चूर्ण जिभेला लागले तर काही काळ गोड चवच कळत नाही, म्हणजे कोणाला काय मिळाले हे रुग्ण पहिल्याच चहाला ओळखतो. म्हणून चूर्ण किंवा काढा न देता बंद कॅप्सूलच द्यावी.