कॅसॅन की केसीसॅन: कर्नल सुरक्षा मॉड्यूलसाठी आधी काय चालू करावं?

कॅसॅन (KASAN) आणि केसीसॅन (KCSAN) ही लिनक्स कर्नलमधले दोष शोधणारी साधनं: पहिलं मेमरीच्या चुका पकडतं, दुसरं डेटा रेस, म्हणजे एकाच डेटावर दोन ठिकाणांहून ताळमेळाशिवाय होणारं वाचन-लेखन. दोन्ही एकाच कर्नल बिल्डमध्ये चालत नाहीत, त्यामुळे परवानग्या तपासणाऱ्या सुरक्षा मॉड्यूलसाठी निवड करावीच लागते.

कॅसॅन मुक्त केलेल्या किंवा हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लागताच ओरडतं. जेनेरिक प्रकारात दर 8 बाइटमागे 1 बाइट शॅडो (कुठली मेमरी वापरायला वैध आहे याची नोंद), म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा गेला. वेगही बराच घटतो. पण रिपोर्टमध्ये ऑब्जेक्ट कुठे घेतला, कुठे सोडला, दोन्ही ठिकाणांचे स्टॅक (फंक्शन कॉलची साखळी) मिळतात. पॉलिसीची (परवानगीच्या नियमांची) नोंद यादीतून काढून लगेच केफ्री केली (मेमरी सोडून दिली) आणि आरसीयू वाचक (लॉक न घेता यादी वाचणारा कोड) अजून तिथेच असला, की हा दोष इथे सापडतो. उपाय: केफ्री_आरसीयू, म्हणजे असे वाचक संपल्यावरच मेमरी सोडणं. मात्र ती वेळ प्रत्यक्ष जुळून यावी लागते.

केसीसॅनला मेमरी फुटण्याची वाट पाहावी लागत नाही. ते काही निवडक अ‍ॅक्सेसवर वॉचपॉइंट (त्या पत्त्यावर पाळत) लावून क्षणभर थांबतं. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूने तिथेच लिहिलं, की रेस पकडली. नमुने घेत असल्याने चाचणी बराच वेळ चालवावी लागते. रिपोर्ट गप्प करायला रीड_वन्स (वाचन मुद्दाम केलंय असं सांगणारा मॅक्रो) चिकटवणं ही मात्र निव्वळ मलमपट्टी: तपासणी आणि वापर यांच्यामधली फट तशीच राहते.

क्रॅश किंवा बिघडलेला पॉइंटर हाती असेल तर कॅसॅन. क्रॅश नाही, पण परवानगीचा निकाल अधूनमधून चुकतोय, तर केसीसॅन, तेही स्ट्रिक्ट (अधिक कडक नियमांच्या) मोडमध्ये.